विद्येला बीजसंस्कार

उज्जैनमध्ये दरवर्षी, उत्तरेकडील पूर्णिमान्त गणनेप्रमाणे वैशाख कृष्ण दशमीस आणि आपल्या अमान्त पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य दशमीस, पटनी बाजारातील नागचंद्रेश्वराला नारळ अर्पण करून आणि त्याच्याकडून चालण्याचे बळ मागून घेऊन जे हजारो यात्रेकरू पंचक्रोशीस निघतात, त्यांच्या डोक्यावर पाच दिवसांच्या शिध्याचे गाठोडे असते, मुखी महाकाळाचे नाव असते आणि पायांत पुष्कळांच्या काहीच नसते. पिंगळेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वेश्वर आणि दर्दुरेश्वर या चार द्वारपालांचे दर्शन घेत ११८ किलोमीटरांची ही वाटचाल अमावास्येपर्यंत पुरी होते. माळव्याच्या रात्रीचा गारवा मोगलाईपासून वाखाणला गेला असला तरी त्या दिवसांत दुपारी डांबरी रस्त्यावर पाऊल टेकवणे ही काय गोष्ट असते, हे ज्याने टेकवले त्यालाच ठाऊक. परत आलेले यात्रेकरू देवाला मातीचा घोडा वाहून घेतलेले बळ परत करतात, तो प्रसंग मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण घोड्यांऐवजी त्या लोकांच्या तळपायांकडे पाहण्याची सवय मला उतारवयात लागली, आणि ती का लागली हे सांगणे म्हणजेच या पाठमालेची प्रस्तावना करणे होय.

निरोगी माणसाच्या टाचेला फोड आला की तो लंगडतो, झाडाखाली बसतो, पायाला फडके गुंडाळतो, आणि फारच झाले तर यात्रा अर्धी टाकून घरी येतो. मधुमेहाने ज्याच्या पायांतील मज्जातंतू झिजले आहेत, त्याला यांतले काहीच करण्याची बुद्धी होत नाही, कारण फोड आल्याची वर्दीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो तसाच चालत राहतो, फोड फुटतो, जखमेत माती जाते, आणि आषाढात केव्हातरी त्याचा अंगठा, कधी पाऊल, कधी गुडघ्याखालचा पाय कापावा लागतो. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे सांगताना मूत्राकडे मुंग्या धावतात हे लक्षण नमूद केले आहे. आणि इकडे आपल्या रोजच्या बोलण्यात रोगी सांगतो की पायाला मुंग्या येतात. एकाच क्षुद्र जीवाचे नाव रोगाच्या आरंभालाही लागावे आणि त्याच्या उत्तरभागालाही, या योगायोगाचे मला फार दिवस नवल वाटत आले आहे. परंतु खरा धोका त्याही पुढे असतो. एके दिवशी मुंग्या यायच्या थांबतात, पाय शांत होतो, रोगी सुटकेचा निःश्वास टाकतो आणि औषधाचा गुण आला असे घरच्यांना सांगतो, त्या दिवशी त्याच्या पायाची जाणीव पुरती गेलेली असू शकते. ही शांतता कशाची आहे, हे ओळखणारे कोणीतरी त्याच्या दाराशी असले पाहिजे.

असे कोण असू शकेल? वर्षाचे तास ८,७६० होतात. त्यांपैकी मधुमेहाचा रोगी डॉक्टरांसमोर जे बसतो ते सगळे मिळून, नियमाने जाणाऱ्याचेसुद्धा, दोनतीन तासांहून अधिक भरत नाहीत. उरलेल्या सर्व काळात काय खावे, किती चालावे, गोळी चुकली तर काय करावे, हातपाय थरथरून घाम फुटला तर साखर खावी की पडून राहावे, याचे निर्णय त्याला स्वतःलाच करावे लागतात. हा रोग असा आहे की रोग्यालाच आपला वैद्य व्हावे लागते, आणि म्हणून त्याला कोणीतरी वैद्यकी शिकवावी लागते. ती शिकवणारी माणसे म्हणजे दवाखान्यातील परिचारिका, उपकेंद्रावरील एएनएम, २०१८ पासून आरोग्य केंद्रांवर नेमले जाऊ लागलेले सामुदायिक आरोग्य अधिकारी, औषधे देणारा फार्मासिस्ट, आणि सर्वांत शेवटी म्हणजेच सर्वांत जवळ, गावातलीच एक सून असलेली आशा कार्यकर्ती, जिला आमच्याकडे सारे गाव ‘आशा दीदी’ म्हणते. यांना एकदा शिकवले जाते, एकदा सनद मिळते, नेमणूक होते, आणि मग तीस वर्षे त्या एकाच शिदोरीवर चालावे अशी अपेक्षा धरली जाते. सनदेनंतरही विद्या चालू राहिली पाहिजे, एवढेच या पाठमालेचे म्हणणे आहे.

प्रस्तुत पाठ उज्जैन व आसपासच्या घटिया, तराना, महिदपूर या तहसिलींतील आरोग्यसेविकांपुढे मूळ हिंदीत, आणि जागोजाग माळवीत, बोलले गेले. महाराष्ट्रातील त्यांच्या भगिनींनाही ते उपयोगी पडावेत म्हणून आता मराठीत आणले आहेत. मी स्वतः वैद्यकशास्त्राचा पदवीधर नव्हे. राणोजी शिंद्यांच्या अंमलाबरोबर जी मराठी घराणी या नगरीत येऊन राहिली आणि १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरास नेल्यावरही जी शिप्रेचा काठ सोडून गेली नाहीत, त्यांपैकी एका घरातला मी एक सेवानिवृत्त शिक्षक. शिकवणे म्हणजे काय, शिकलेले कसे विसरते आणि कशाने टिकते, एवढ्याच विषयात माझा काही अधिकार असेल तर आहे. तथापि ही प्रस्तावना लिहिण्याचे मी मान्य केले ते त्या अधिकारामुळे नाही. माझ्या आत्यामुळे केले.

आत्याला मधुमेह होऊन पुष्कळ वर्षे झाली होती आणि गोळ्यांनी भागेना म्हणून तिला इन्सुलिन सुरू केले होते. ती विधवा, करारी आणि हिशेबी बाई होती. रोजकीर्द लिहावी तशी ती आपल्या साखरेचे आकडे वहीत लिहीत असे, एकादशीला सुद्धा सुई चुकवीत नसे, आणि तरीही तीनचार महिने साखर अशी चढत गेली की उपाशीपोटी २५० च्या खाली आकडा येईना. डॉक्टरांनी मात्रा वाढविली. २० ची २८ केली, मग ३६ केली. घरात आम्ही सर्वांनी, मीही त्यांत होतो हे मला कबूल केले पाहिजे, तिच्यावर चोरून गोड खाण्याचा आळ घेतला. ती एकदा रडली, आणि नंतर त्या विषयावर बोलेनाशी झाली. पुढे एका दवाखान्यात एक तरुण परिचारिका होती, तिने वही पाहिली आणि वही मिटून ठेवीत ती म्हणाली, “माताजी, कल दवाई की बाटली भी लाना और सुई भी, और मेरे सामने भरकर दिखाना.” दुसऱ्या दिवशी आत्याने तिच्यासमोर सिरिंज भरली आणि उलगडा झाला. आपल्याकडे बाटलीतून मिळणारे इन्सुलिन बहुशः एका मिलिलिटरात ४० एकके या प्रमाणाचे असते, आणि ते मोजण्याच्या सिरिंजचे टोपण लाल असते. १०० एककांच्या प्रमाणाचे इन्सुलिन मोजण्यासाठी जी दुसरी सिरिंज निघते तिचे टोपण नारिंगी असते. दुकानात एकदा लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या, दुकानदाराने नारिंगी दिल्या, आणि तेव्हापासून आत्या २० च्या खुणेपर्यंत भरून प्रत्यक्षात ८ एकके टोचून घेत होती. मात्रा ३६ केली तेव्हाही तिच्या शरीरात १४ च्या आसपासच जात होती.

पण त्या मुलीची खरी विद्या येथून पुढे दिसली. तिने लाल टोपणाची सिरिंज आत्याच्या हाती देऊन तिला घरी पाठविले नाही. ती आधी डॉक्टरांकडे गेली; कारण सिरिंज सुधारली आणि वाढविलेली ३६ ची मात्रा तशीच ठेवली, तर इतके दिवस १४ एककांवर राहिलेल्या त्या वृद्ध देहात एकदम अडीचपट इन्सुलिन गेले असते, आणि रात्री झोपेतच साखर उतरून सकाळी तिला कोणी जागे करू शकले नसते. मात्रा खाली आणून मगच सिरिंज बदलली गेली. मी त्या मुलीला नंतर विचारले की हे तुला कोणत्या पुस्तकात सापडले, तेव्हा तिने सांगितले की परिचर्येच्या अभ्यासक्रमात दोन्ही सिरिंज दाखविल्या होत्या खऱ्या, पण ते ती विसरून गेली होती. सहा महिन्यांपूर्वी एका वर्गात प्रत्येकीच्या हातात दोन्ही सिरिंज देऊन, रंगीत पाणी भरायला लावून, दोन्हींतील पाणी शेजारीशेजारी ओतून दाखविले होते, ते मात्र डोळ्यांपुढून जाईना. आत्या त्यानंतर नऊ वर्षे जगली. तिच्यावर घेतलेला आळ आम्ही परत घेतला, पण असे आळ परत घेता येतात असे मला वाटत नाही.

या घटनेतील चूक कोणा एकाची नव्हती. दुकानदाराने टोपणाच्या रंगाचा अर्थ कधी ऐकला नव्हता, डॉक्टरांसमोर आकडे होते पण सिरिंज नव्हती, आणि आत्याला प्रथम सुई शिकविणाऱ्या व्यक्तीने ती एकदाच शिकविली होती. एकदा शिकविलेले पुरते, या समजुतीत सारा घोटाळा आहे. ती समजूत दोन कारणांनी खोटी ठरते. पहिले, माणूस विसरतो. दुसरे, आणि हे अधिक गंभीर, शास्त्र स्वतःच जागचे हलते. ज्या एएनएमने १९९५ मध्ये आपले शिक्षण पुरे केले तिला उपाशीपोटी रक्तशर्करा १४० वा अधिक असेल तर मधुमेह समजावा असे शिकविले गेले असणार, आणि ते त्या वेळी बरोबर होते. १९९७ मध्ये अमेरिकेतील मधुमेह संघटनेने ती सीमा १२६ वर आणली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही लवकरच ती स्वीकारली. म्हणजे दोन वर्षांत, त्या बाईने काहीही चूक केली नसताना, तिच्या ज्ञानाच्या आणि शास्त्राच्या मध्ये १२६ पासून १३९ पर्यंतच्या सगळ्या माणसांचा समुदाय येऊन उभा राहिला, ज्यांना ती निरोगी म्हणून घरी पाठवीत राहणार होती. पुढे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही चाचणी निदानासाठी मान्य झाली, अमेरिकेत २०१० मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेकडून २०११ मध्ये. पण ज्या स्त्रियांच्या अंगात रक्तच कमी त्यांच्या बाबतीत तिचा आकडा फसवू शकतो, ही गोष्ट आपल्या खेड्यांत विशेष महत्त्वाची असूनही चाचणीबरोबर ती गावोगाव पोचली नाही. २०१५ नंतर साखर मूत्रावाटे बाहेर काढणारी औषधे हृदयालाही उपकारक ठरली. २०२५ मध्ये त्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट संपले, त्याची किंमत उतरली आणि ते लहान गावांच्या दुकानांत येऊ लागले. त्या गोळ्या घेणाऱ्या रोग्याला ताप आला, ओकाऱ्या झाल्या, जेवण तुटले, तर त्या थांबवून ताबडतोब डॉक्टरांना विचारावे लागते. हे त्याला दारात जाऊन कोण सांगणार?

आकड्यांपेक्षाही जी समजूत बदलावी लागते ती अधिक खोल रुजलेली असते. मधुमेह हा खात्यापित्या घरचा, स्थूल माणसाचा रोग आहे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात असे आढळले की या खेड्यांतील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, आणि इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो असताना, आपल्या बाळाच्या अंगात मांस फार कमी असले तरी चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली होती. किडकिडीत दिसणारे हे बाळ आतून मेदस्वी असते, आणि मोठेपणी त्याला मधुमेह जडण्याचा संभव अधिक असतो. जी आशा बाळाला झोळीत घालून काट्यावर तोलते, ती नकळत मधुमेहाच्या कथेचा पहिला अध्याय नोंदवीत असते, आणि जो काटकुळा शेतमजूर थकवा येतो म्हणून तिच्याकडे येतो, त्याला “तुला कुठली शुगर!” म्हणून परत पाठवायचे नसते, हे तिला कोणी सांगितले नाही तर ते तिने कसे जाणावे?

उज्जैनकराला या गोष्टीसाठी दृष्टान्त शोधायला दूर जावे लागत नाही. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा या नगरीवरून जाते, आणि येथील ज्योतिषी शतकानुशतके सिद्धान्तग्रंथांवरून ग्रहांची स्थाने काढीत आले. ते ग्रंथ ऋषिप्रणीत मानले जात. तरी त्या लोकांना अनुभवाने माहीत होते की काही शतके लोटली म्हणजे गणिताने आलेला ग्रह एके ठिकाणी आणि आकाशात दिसणारा ग्रह दुसऱ्या ठिकाणी, असे अंतर पडू लागते. ते अंतर भरून काढण्यासाठी मूळ अंकांना जी दुरुस्ती द्यावयाची, तिला त्यांनी बीजसंस्कार असे नाव दिले. बीज देणे हा ग्रंथाचा अपमान नव्हे, तो वापरीत राहण्याची ती अट आहे, अशी त्यांची धारणा होती. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात शिप्रेकाठी वेधशाळा उभारली ती जुन्या सारण्या आकाशाशी जुळेनात म्हणून. पुढे ती मोडकळीस आली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी विद्वानाने तिचे अधीक्षकपद सांभाळले. आज शाळेतील मुले तेथे सम्राटयंत्राची सावली पाहायला जातात. मी माझ्या विद्यार्थ्यांना तेथे नेत असे तेव्हा सावलीपेक्षा ही बीजसंस्काराची कल्पना त्यांना अधिक समजावी अशी माझी धडपड असे. आज वाटते की परिचारिकांच्या प्रत्येक नव्या तुकडीलाही एकदा तेथे नेऊन आणावे.

गरजेचा आकार किती मोठा आहे हे सांगण्यास एकच आकडा पुरेल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी शेकडा ११.४ लोकांस मधुमेह आढळला आणि शेकडा १५.३ लोक त्याच्या उंबरठ्यावर आढळले. माणसांच्या हिशेबात ही संख्या अनुक्रमे सुमारे १० कोटी १० लाख आणि १३ कोटी ६० लाख होते. मध्य प्रदेशासारख्या प्रांतांत आज रोग्यांपेक्षा उंबरठ्यावरील माणसेच अधिक आहेत, आणि त्यांना उंबरठ्याअलीकडे थोपविण्याचे काम डॉक्टरांच्या हातून होण्यासारखे नाही. २०१० पासून चाललेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीवरील प्रत्येकाची तपासणी व्हावी असा हेतू आहे. आशाने घरोघर जाऊन तक्ता भरावा, वय, तंबाखू, कमरेचा घेर, चालणेफिरणे, घराण्यातील रोग यांचे गुण मांडावेत आणि बेरीज चारच्या वर गेलेल्यास आधी पुढे पाठवावे, अशी तजवीज आहे. तजवीज उत्तम आहे. पण पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० या मर्यादा पाठ असणे वेगळे, आणि लुगड्याच्या निऱ्यांवरून न मोजता, सासूसमोर संकोचणाऱ्या सुनेला विश्वासात घेऊन, टेप नेमका कोठे धरायचा हे हाताला येणे वेगळे. डॉक्टरांनी दर ५ वर्षांत निदान ३० तास पुनःशिक्षणात घालवावेत असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने सांगितले होते. आशा दीदीच्या बाबतीत असे काही तास ठरवून ते खरोखर तिच्या पदरात पडतात की नाही हे पाहण्याची वेळ केव्हाच आली आहे.

तासांची हजेरी म्हणजे शिक्षण नव्हे, हे मात्र शिक्षक या नात्याने मला निक्षून सांगितले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृहात शंभर बायकांना बोलावून, पडद्यावर इंग्रजी तक्ते दाखवून, संध्याकाळी दाखले वाटून जे प्रशिक्षण होते, त्याचे फळ अल्प असते. आरोग्यसेवकांच्या अशा शैक्षणिक सभांविषयी जगभर झालेल्या चाचण्यांचा एकत्र अभ्यास २००९ मध्ये झाला, त्यातही प्रत्यक्ष कामात पडलेली सुधारणा शेकडा सहाच्या आसपासच भरली. जेथे व्याख्यानाबरोबर हातांनी करण्याचा आणि परस्परांत बोलण्याचा भाग होता तेथे ती काहीशी अधिक होती. आपल्या भाषेच्या मुलखातच याचा धडा फार पूर्वी घालून दिला गेला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका केले. या बायकांना शिकवून गावी पाठविले आणि संपले, असे तेथे कधीच झाले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, त्या आठवड्यात गावात काय दिसले ते सांगत, अडलेले विचारीत, एकमेकींची चूक एकमेकींना दाखवीत आणि पुढच्या आठवड्याचे काही नवे घेऊन परत जात. पाटीवर अक्षर काढता न येणाऱ्या बाईला दहा वर्षांत रोगांची जी पारख आली, ती या आठवड्याच्या फेऱ्यांतून आली. बोस्टनला डॉ. जोस्लिन यांनी, इन्सुलिन येण्याच्या आधीच, हेच ओळखले होते; १९१८ मध्येच त्यांनी रोग्यांसाठी पुस्तक लिहिले आणि पुढे त्यांच्याकडून शिकलेल्या परिचारिका रोग्यांच्या घरी जाऊन राहत व त्यांना सुई आणि स्वयंपाक शिकवीत. १९९३ मध्ये पुरा झालेला १,४४१ रोग्यांचा जो अमेरिकी प्रयोग साखर ताब्यात ठेवल्याने डोळे आणि मूत्रपिंडे वाचतात याचा निर्णायक पुरावा समजला जातो, त्यातही औषधाइतकाच वाटा महिन्या-महिन्याला रोग्याला भेटणाऱ्या आणि मध्ये दूरध्वनीवरून विचारपूस करणाऱ्या परिचारिका व आहारतज्ज्ञांचा होता, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

आता दूरध्वनीच्या जागी खिशातला मोबाइल आला आहे आणि त्याने एक मोठी सोय केली आहे. मूळचे भारतीय असलेले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथून एक पद्धत सुरू केली, तीत खेड्यातील वैद्य आपापले रोगी पडद्यावरून तज्ज्ञांपुढे मांडतात आणि एकाच्या रोग्यावरून सगळे शिकतात. यकृताच्या एका अवघड रोगात खेड्यांतील रोग्यांना विद्यापीठातील रोग्यांइतकाच गुण आला, हे २०११ मध्ये त्यांनी दाखवून दिले. उज्जैनला सुरासा येथे २००१ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, धन्वन्तरीच्या नावाचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, शासकीय रुग्णालयाच्या एका इमारतीस चरकाचे नाव आहे. तेव्हा महिदपूरच्या एखाद्या उपकेंद्रावरील मुलीने आठवड्यातून एकदा आपला रोगी या नगरीतील जाणत्यांपुढे मांडावा, हे मागणे अवास्तव नाही.

मात्र शिकविणाऱ्यांनीही शिकण्याची तयारी ठेवली पाहिजे. माळव्यातील माणसाचा दिवस पोहे आणि जिलबीने सुरू होतो. डॉक्टर जिलबी सोडा म्हणतात, तो सोडतो, आणि दुप्पट पोहे खातो, कारण पोह्यात त्याच्या मते साखर नसते. सोमवारी, एकादशीला, नवरात्रात तो उपवास करतो आणि साबुदाण्याची खिचडी खातो, जी साखर झपाट्याने चढविते. किंवा काहीच खात नाही, पण गोळी मात्र घेतो, आणि दुपारी महाकाळाच्या रांगेत चक्कर येऊन पडतो. डाळ-बाफल्याच्या पंगतीत तुपात बुडविलेल्या बाफल्यांची संख्या मोजणे हे यजमानाला अपमानास्पद वाटते. हे सारे मोठ्या रुग्णालयातील आहारतक्त्यात नसते. ते आशा दीदीला माहीत असते, आणि म्हणून या पाठांतील आहाराचे प्रकरण आम्ही तिच्याकडून ऐकून लिहिले, ते तिला ऐकविले आणि पुन्हा दुरुस्त केले. इन्सुलिन उन्हाळ्यात कोठे ठेवावे या प्रश्नाला “फ्रिजमध्ये” असे उत्तर देणारा जाणकार घटियाच्या वस्तीत निरुपयोगी ठरतो. ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायची, ही रीत तेथील बायकांनीच सांगितली. “म्हारे सक्कर है” असे सांगणाऱ्या म्हाताऱ्याला ‘रक्तशर्करा’ हा शब्द शिकविण्यात वेळ घालवू नये, असेही त्यांनी आम्हांला बजावले आणि ते आम्ही मानले आहे. या प्रस्तावनेत माझ्या लेखणीतून तो शब्द गेला तो माझ्या पिढीच्या सवयीने.

एक तक्रार येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही. ज्या बाईला दिवसभरात अनेक नोंदवह्या भराव्या लागतात, जिचे मानधन कामागणिक तुटपुंजे मोजले जाते, जिची बदली पुढच्या पावसाळ्यात होणार आहे, आणि जिच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या दोन महिन्यांपासून संपल्या आहेत, तिला नवे ज्ञान द्यायला जाणाऱ्याने आधी पट्ट्या घेऊन जावे. तिच्या स्वतःच्या रक्तातील साखरही त्याने एकदा तपासावी. आमच्या वर्गांना आलेल्या स्त्रियांपैकी काहींना आपल्याला मधुमेह असल्याचे त्या वर्गातच, शेजारणीने सरावासाठी बोट टोचले तेव्हा कळले.

पाठांचा क्रम लावताना रोगाच्या व्याख्येने आरंभ करावा असा सल्ला काही जाणत्यांनी दिला होता. तो आदरपूर्वक बाजूला ठेवून पहिला पाठ पायाचा ठेवला आहे. त्याला कोणतेही उपकरण लागत नाही. रोग्याला डोळे मिटायला सांगावे, आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन क्षण अलगद टेकवावे, दाबू नये, घासू नये, आणि कळले की नाही ते विचारावे. इंग्लंडातील इप्सविच येथील रुग्णालयात बसविलेल्या या सहा स्पर्शांच्या परीक्षेत दोन वा अधिक स्पर्श न कळले, तर तो पाय जोखमीचा समजून पुढे पाठवावा. त्याच बैठकीत त्याच्या चपला उलट्या करून झटकाव्यात, बोटांच्या बेचक्यांत पाहावे, तळवा आरशात त्याचा त्यालाच दाखवावा. हा पाठ फाल्गुनात घ्यावा, म्हणजे चैत्र वद्य दशमीला महिनाभर हाताशी राहतो. आणि ज्यांचे पाय मुके आढळतील त्यांना यात्रेला जाऊ नका असे सांगू नये, कारण ते ऐकणार नाहीत, तर जाड तळव्याचे बंद बूट आणि सुती मोजे घालून, पहाटे व सायंकाळी चालून, दर मुक्कामाला कोणाकडून तरी तळपाय पाहून घेऊन कसे जाता येईल, ते त्यांच्या सोबतच्या माणसासमक्ष समजावून सांगावे.